एलडीएच दाबून हेला पेशींची वाढ मोजताना: बडोद्यातल्या लॅबमधल्या प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४, सोमवार

काम असं आहे: हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या आणि लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या पेशी, त्यांच्यामधलं लॅक्टेट डिहायड्रोजनेज, म्हणजे एलडीएच (साखर तोडताना होणाऱ्या पायरुवेटचं लॅक्टेट करणारं एन्झाइम), ऑक्झामेट हे त्याला अडवणारं द्रव्य घालून दाबायचं आणि पेशींची वाढ किती मंदावते ते बघायचं. सोबत माध्यमातलं, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यातलं, ग्लुकोज किती संपलं, लॅक्टेट किती साठलं आणि पेशींच्या अर्कात एन्झाइमची क्रिया किती आहे, हेही मोजायचं. ऑक्सिजन मुबलक असतानाही कर्कपेशी साखरेचं लॅक्टेट करत सुटतात, हे ओटो वारबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखवलं. ते प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, इथे लिहीत बसत नाही.

हेच काम थोड्या पैशांत आणि जुन्या उपकरणांवर करू बघणाऱ्यांसाठी या नोंदी आहेत. आमच्याकडे कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर एकच. प्लेट रीडर फिल्टरवाला, आणि त्यात ३४० नॅनोमीटरचा फिल्टर नाही. म्हणजे एनएडीएचचं (एलडीएच काम करताना खर्च होणारा, ३४० ला प्रकाश शोषणारा रेणू) सगळं मोजमाप क्युव्हेट घेऊन साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर. पेशी मूळच्या पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या. कमी पॅसेजच्या, म्हणजे फार वेळा पुन्हा न लावलेल्या पेशींच्या, व्हायल द्रव नायट्रोजनमध्ये टाकल्या आणि कामाला लागलो.

१५ जुलै

माध्यमावरून पहिली खटखट. नेहमीच्या डीएमईएम या माध्यमात लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे २५ मिलिमोलर, म्हणजेच रक्ताच्या रिपोर्टच्या भाषेत डेसिलिटरला ४५० मिलिग्रॅम. बाबांच्या रिपोर्टात हा आकडा आला असता तर घरात कुणी जेवलं नसतं. पेशींना मात्र हाच रोजचा खुराक. कमी ग्लुकोजचं माध्यम लिटरला १ ग्रॅमचं, ते साधारण उपाशीपोटीच्या साखरेएवढं. मॅडमचं म्हणणं, आधी सगळे वापरतात तेच वापर, मग बदल.

खरी भानगड पायरुवेटची निघाली. आमच्या शेल्फवर दोन तऱ्हेच्या बाटल्या होत्या, एकीत १ मिलिमोलर सोडियम पायरुवेट घातलेलं, दुसरीत नाही. लेबल एकाच रंगाचं. ज्युनिअरने अर्धी प्लेट एकीतून भरली, अर्धी दुसरीतून. ऑक्झामेट आणि पायरुवेट एन्झाइमच्या एकाच जागेसाठी भांडतात, त्यामुळे पायरुवेट असलेल्या बाजूला ऑक्झामेटचा परिणाम फिका दिसला. प्लेट बाद. इथून पुढे फक्त पायरुवेट नसलेलं माध्यम, आणि बाटलीच्या झाकणावर मार्करने तसं लिहिलेलं.

२४ जुलै

५ ग्रॅम सोडियम ऑक्झामेट आलं. रेणुभार १११, म्हणजे ५ ग्रॅमचं १ मोलरचं ४५ मिलिलिटर द्रावण होतं. पाण्यात करून पीएच बघून ०.२२ मायक्रॉनमधून गाळलं. हे द्रव्य पेशीत सहजी शिरत नाही, म्हणून डोस मायक्रोमोलरमध्ये भागत नाही. १०, २५ आणि ५० मिलिमोलर ठरवले.

आता यातली गोम. ५० मिलिमोलर सोडियम ऑक्झामेट म्हणजे ५० सोडियम आणि ५० ऑक्झामेट, एकूण जवळपास १०० मिलिऑस्मोल. माध्यम स्वतः ३०० च्या आसपास असतं. एवढ्या खारट पाण्यात एन्झाइम न दाबताही पेशी सुस्तावणारच. तेव्हा शून्य डोसचा कंट्रोल पुरत नाही, शेजारी ५० मिलिमोलर मीठ घातलेल्या वेल (प्लेटमधले खळगे) हव्यात. साधं सोडियम क्लोराइड, खर्च नाममात्र. मी वाचलेल्या बऱ्याच शोधनिबंधांत हा कंट्रोल दिसला नाही. आकृत्या मात्र सुबक होत्या.

२ ऑगस्ट

एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी ज्याचा रंग बदलतात ते द्रव्य घालून करायची वाढीची चाचणी. ०.५ मिलिग्रॅम प्रतिमिली, साडेतीन तास, डीएमएसओत विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचन. ७२ तासांनंतर ५० मिलिमोलर ऑक्झामेटच्या वेलमध्ये रंग कंट्रोलच्या ८० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वाढ फारशी दबली नाही, असं वहीत लिहिलं.

पण सूक्ष्मदर्शकाखाली चित्र वेगळं होतं. कंट्रोलच्या वेलमध्ये पेशी खेटून बसलेल्या, ऑक्झामेटच्या वेलमध्ये मोकळी जागाच जागा. पेशी आकाराने जरा पसरलेल्या, मेलेल्या तरंगताहेत असंही नाही. डोळ्यांना निम्म्या वाटत होत्या आणि रीडर ८० टक्के सांगत होता.

९ ऑगस्ट

हे नीट लिहिते, कारण या अख्ख्या प्रकल्पात दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं काही असेल तर ते हेच.

एमटीटीचा पिवळा रंग जांभळा होतो तो पेशीतल्या डिहायड्रोजनेजांमुळे. इलेक्ट्रॉन येतात एनएडीएच आणि एनएडीपीएचकडून. एरवी आपण गृहीत धरतो की जेवढ्या पेशी तेवढा रंग. पण एलडीएच हेच पेशीतलं एनएडीएच परत एनएडी करणारं मोठं गिऱ्हाईक. ते दाबलं की एनएडीएचचा हिशेबच बदलतो, आणि तोच हिशेब रंग दाखवतो. मग कमी पेशीही जास्त रंग देऊ शकतात. चयापचयाचं एन्झाइम अडवायचं आणि वाढ चयापचयाच्याच रंगाने मोजायची, यात उत्तर आधीच गढूळ झालेलं असतं.

उलट्या बाजूने खात्री करायला ग्लुकोजसारखं दिसणारं २-डिऑक्सिग्लुकोज घातलं. हेक्झोकायनेज त्याला फॉस्फेट लावतं, पण पुढचं एन्झाइम त्याला हात लावत नाही, आणि ते आतच तुंबून राहतं. २४ तासांत पेशी जवळपास तेवढ्याच, पण एमटीटी निम्म्यावर. फक्त एमटीटी केली असती तर ‘निम्म्या पेशी मेल्या’ असं लिहून मोकळी झाले असते.

२-डिऑक्सिग्लुकोज मुख्य प्रयोगातून काढून टाकलं. ते मॅनोज या दुसऱ्या साखरेसारखंही दिसतं, त्यामुळे प्रथिनांना साखरेच्या साखळ्या लावण्याच्या कामात अडथळा आणतं. थोडं मॅनोज घातल्यावर पेशी बऱ्याच सावरल्या. म्हणजे जे दिसत होतं ते सगळं ग्लायकोलिसिसचं, म्हणजे ग्लुकोज तोडण्याच्या वाटेचं, नव्हतंच. शिवाय ग्लुकोज मोजायच्या किटमधलं ग्लुकोज ऑक्सिडेज यालाही थोडंफार खातं, तेव्हा वाचनही भ्रष्ट.

१७ ऑगस्ट

आता सरळ मोजणी. २४ वेलची प्लेट, वेलला २० हजार पेशी, ७२ तासांनी पेशी सुट्या करायला ट्रिप्सिन, मेलेल्या निळ्या करायला ट्रिपॅन ब्लू आणि मोजायला न्यूबावर चेंबर ही चौकोन आखलेली काच. चार कोपऱ्यांची सरासरी, गुणिले डायल्यूशन, गुणिले १० हजार. ज्युनिअर आणि मी वेगवेगळं मोजतो आणि वेलवर कुठला डोस आहे ते मोजणाऱ्याला सांगत नाही. मान मोडते, पण पैसे लागत नाहीत.

कंट्रोल १ लाख ६० हजारांच्या आसपास. नुसतं मीठ, १ लाख ३० हजार. २५ मिलिमोलर ऑक्झामेट, १ लाखाच्या जरा वर. ५० मिलिमोलर, ६२ हजार. साध्या कंट्रोलशी ताडलं तर घट ६० टक्क्यांच्या वर जाते, मिठाच्या कंट्रोलशी ताडलं तर साधारण निम्मी. खरा आकडा दुसरा. निळ्या, म्हणजे मेलेल्या पेशी सगळीकडेच मोजक्या. ऑक्झामेट पेशी मारत नाही, त्यांचा वेग कमी करतं. ते काढून ताजं माध्यम घातलेल्या वेल दोन दिवसांत पुन्हा भरायला लागल्या.

४ सप्टेंबर

विश्वामित्रीच्या पुराने मधले दिवस गेले. २६ ऑगस्टला जन्माष्टमीची सुट्टी होती, पाऊस थांबेना, आणि मग सयाजीगंज, फतेहगंज, अकोटा सगळीकडे पाणी. मगरी रस्त्यावर आल्याच्या चित्रफिती सगळ्यांनी पाहिल्या असतील. आमची लॅब वरच्या मजल्यावर म्हणून वाचली, पण वीज गेली आणि जनरेटरचं डिझेलही संपलं. खालच्या स्टोअरमधली टिपांची आणि प्लेटांची खोकी भिजली.

इन्क्युबेटरमधलं सगळं मेलं. उणे २० चा फ्रीझर वितळून परत गोठला, खालच्या खणात बर्फाची लादी. द्रव नायट्रोजनच्या कॅनला वीज लागत नाही, त्यामुळे व्हायल शाबूत. लॅबमधल्या काकांनी पाणी ओसरल्या ओसरल्या येऊन कॅनमध्ये नायट्रोजन भरून घेतला होता, आम्ही कुणी सांगायच्या आधी. माध्यमात घालायच्या सीरमची एक न उघडलेली बाटली गेली. साधारण ३५ हजारांचा फटका, या प्रकल्पातला सगळ्यात मोठा.

उद्या व्हायल काढणार. परवा-तेरवा गणपती, त्यात माध्यम बदलायला कोण येणार ते आधी ठरवून घेतलं.

१८ सप्टेंबर

पेशी रुळल्या. एलडीएचची क्रिया मोजायला घेतली. पद्धत जुनीच: फॉस्फेट बफर, ०.२ मिलिमोलर एनएडीएच, वरून पायरुवेट, आणि ३४० नॅनोमीटरला वाचन घसरताना बघायचं. एनएडीएचचा गुणांक, म्हणजे १ सेंटिमीटर जाडीत ते किती प्रकाश शोषतं तो आकडा, मिलिमोलरला ६.२२. म्हणजे १ मिलीच्या क्युव्हेटमध्ये मिनिटाला ०.१२४ ची घसरण असेल तर ०.०२ युनिट (एक युनिट म्हणजे मिनिटाला १ मायक्रोमोल). प्लेटमध्ये करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की २०० मायक्रोलिटरच्या वेलमध्ये प्रकाशाचा मार्ग १ सेंटिमीटर नसतो, हा गुणांक तसाच वापरला तर उत्तर कमी येतं.

वाचन घसरायलाच तयार नाही. पायरुवेट घातलं तरी रेघ जवळपास आडवी. हेला पेशींत एलडीएच ठासून भरलेलं असतं, तेव्हा हे शक्य नाही.

पहिला संशय एनएडीएचवर. पुरात फ्रीझर वितळला तेव्हा बाटलीत ओल गेली असणार, पावडरीचे खडे झाले होते. २६० आणि ३४० च्या वाचनांचं गुणोत्तर काढलं. चांगल्या एनएडीएचला ते २.३ च्या आसपास येतं, आमचं ३ च्या वर. ओल लागलेल्या एनएडीएचमध्ये एलडीएचलाच अडवणारे पदार्थही तयार होतात, म्हणजे दुहेरी नुकसान. नवीन मागवलं. स्थानिक डीलरकडे नव्हतं, यायला वेळ लागला.

३० सप्टेंबर

नवीन एनएडीएच, गुणोत्तर ठीक. क्रिया आधीपेक्षा बरी, तरी अपेक्षेच्या मानाने कमीच. शिवाय तेच अर्क आज मोजले की एक आकडा, चार दिवसांनी मोजले की त्याहून कमी. बफर बदलला, पीएच तपासला, प्रोटिएज इन्हिबिटर घातला. शिवाय शंका अशीही आली की ऑक्झामेटवाल्या अर्कात ऑक्झामेट राहून गेलं असेल. ते धुऊन काढलं, पण कंट्रोलचे आकडेही घसरत होते, त्याचं काय?

उत्तर लॅबबाहेर मिळालं. शेजारच्या वहिनी दांडिया बाजारच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहेत. जिन्यात भेटल्या, मी रडगाणं गायले. त्या म्हणाल्या, “अगं, एलडीएचचं सीरम आम्ही फ्रीझरला कधी घालतच नाही. बाहेरच ठेवतो. गोठवलं की पडतं ते.”

मी तर अर्क काढला की लगेच उणे २० ला टाकत होते, शहाणपणा म्हणून! एलडीएच चार उपघटकांचं असतं. हृदयात जास्त असलेला प्रकार, एलडीएच-१, टणक. यकृत आणि स्नायूंतला एलडीएच-५ थंडीला नाजूक, गोठवल्यावर त्याची क्रिया जाते. आणि कर्कपेशींत बहुधा वाढलेला असतो तो या दुसऱ्या प्रकारचाच उपघटक, ए. मिक आणि हिफ-१ ही जनुकं चालू करणारी प्रथिनं, दोघंही त्याचं जनुक चढवतात. म्हणजे जे मोजायचं नेमकं तेच मी फ्रीझरमध्ये घालवत होते.

४ ऑक्टोबर

वहिनींचं म्हणणं तपासलं. एकाच फ्लास्कचा अर्क तीन नळ्यांत वाटला. एक लगेच मोजली, दुसरी खोलीच्या तापमानाला रात्रभर, तिसरी उणे २० ला रात्रभर. सकाळी दुसरी जवळपास जशीच्या तशी, तिसरी निम्म्याच्याही खाली. वितळवलेल्या नळीच्या तळाशी बारीक पांढरट गाळ होता, तो आधीही दिसला असणार, पण मी सेंट्रिफ्यूज करून टाकून देत होते.

यापुढे अर्क काढायचा त्याच दिवशी मोजायचा. आठवड्याचं वेळापत्रक त्यामुळे उलटंपालटं झालं, कारण नवरात्र सुरू झालंय आणि रात्री नऊनंतर लॅबपासून घरापर्यंत रिक्षा मिळणं गरब्याच्या गर्दीत अवघड. सकाळी सातला यायचं ठरवलं. ज्युनिअर गरबा खेळून थेट येतो आणि मोजणीला त्याला बसवत नाही.

२१ ऑक्टोबर

ग्लुकोज आणि लॅक्टेट. ग्लुकोज पॅथॉलॉजीच्या साध्या ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेज किटने, स्वस्त आणि भरवशाचं. लॅक्टेट एलडीएचच उलट चालवून: अल्कधर्मी बफर, भरपूर एनएडी आणि तयार होणारं पायरुवेट बाजूला काढायला हायड्रॅझिन. हायड्रॅझिन विषारी आहे, हूडबाहेर बाटली उघडू नये.

सीरम स्वतःचं लॅक्टेट घेऊन येतं, आणि स्वतःचं एलडीएचही. त्यामुळे पेशी न घातलेलं माध्यमही प्लेटमध्ये तेवढेच तास ठेवून त्याचं वाचन वजा करावं लागतं. बाटलीतलं ताजं माध्यम चालत नाही. माध्यमात सुटलेलं एलडीएच मोजून पेशी मेल्याचं सांगणारं किट इथे वापरू नका, कारण आपण त्याच एन्झाइमला अडवणारं द्रव्य घातलेलं आहे.

७२ तासांत कंट्रोलने साधारण ११ मिलिमोलर ग्लुकोज संपवलं आणि १७ मिलिमोलर लॅक्टेट सोडलं. एका ग्लुकोजमागे जास्तीत जास्त दोन लॅक्टेट होऊ शकतात, म्हणजे बरीचशी साखर तिकडेच गेली. ५० मिलिमोलर ऑक्झामेटमध्ये एका ग्लुकोजमागे लॅक्टेट एकावर आलं. हे प्रमाण महत्त्वाचं. नुसतं ‘लॅक्टेट कमी झालं’ म्हणून भागत नाही, पेशीच कमी असतील तर ते कमी होणारच.

११ नोव्हेंबर

दिवाळीनंतर लगेच ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज. विचार सरळ आहे. गॅलॅक्टोजवर हेला पेशी लॅक्टेट अगदी थोडं करतात आणि ऊर्जा बहुतेक ग्लुटामिनमधून काढतात, हे १९७९ पासून माहीत आहे. मग ऑक्झामेटचा परिणाम खरोखर एलडीएचमुळे असेल, तर गॅलॅक्टोजवर तो बराच कमी दिसायला हवा.

बिनग्लुकोजची डीएमईएम पावडर, लिटरला १.८ ग्रॅम गॅलॅक्टोज, ४ मिलिमोलर ग्लुटामिन. अडचण सीरमची, त्यात ग्लुकोज असतंच. डायलिसिस केलेलं सीरम विकत मिळतं, पण भाव ऐकून आपलं आपण करायचं ठरलं. पिशवीत भरून थंड खोलीत सलाइन बदलत राहायचं. ते झालं, पण ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर थोड्या मिलीतच चोंदला. दाब दिला तर सिरिंजचं तोंड निसटून अर्धं सीरम हूडच्या काचेवर. पुढच्या वेळी आधी ०.४५, मग ०.२२. घाई केली नाही तर जातं.

९ डिसेंबर

गॅलॅक्टोजवर पेशी आधीच हळू वाढतात, ७२ तासांत ९० हजारांच्या आसपास. मिठाच्या कंट्रोलला ७६ हजार. ऑक्झामेट ५० मिलिमोलरला ५८ हजार. ग्लुकोजवर घट निम्मी होती, इथे पाव. प्लेटा वेगवेगळ्या आठवड्यांत लावून पुन्हा केलं, कल तोच राहिला.

मॅडमना दाखवलं. त्या पाव घटीवर बोट ठेवून म्हणाल्या, “ही कुठून आली?” प्रश्न बरोबर आहे. एलडीएच जिथे फारसं कामाचं नाही तिथेही ऑक्झामेट काहीतरी अडवतंय. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरच्या २००८ च्या एका कामात ऑक्झामेट ॲस्पार्टेट ॲमिनोट्रान्सफरेज या दुसऱ्या एन्झाइमलाही दाबतं असं दाखवलंय. गॅलॅक्टोजवरच्या पेशींची भिस्त ग्लुटामिनवर, आणि ग्लुटामिनचा माल पुढे ढकलायला याच एन्झाइमचा हात लागतो. म्हणजे ग्लुकोजवरच्या निम्म्या घटीतलाही काही भाग एलडीएचचा नसणार, आणि ‘एलडीएच दाबल्याने वाढ निम्मी झाली’ असं वाक्य मला आत्ता लिहिता येत नाही.

पक्कं उत्तर हवं तर एलडीएचच्या ए उपघटकाचं जनुकच एसआय-आरएनएने, म्हणजे जनुकाचा संदेश बंद पाडणाऱ्या छोट्या आरएनएने, दाबायला हवं. कोटेशन आलंय. तो आरएनए पेशीत शिरवणारं ट्रान्सफेक्शनचं द्रव्य धरून ते या वर्षीच्या उरलेल्या पैशांत बसत नाही.

१३ डिसेंबर

दुसरी वाट सापडली. ॲस्पार्टेट ॲमिनोट्रान्सफरेज म्हणजे पॅथॉलॉजीवाल्यांचं एसजीओटी. त्याचं किट कुठल्याही गल्लीतल्या लॅबमध्ये असतं, आणि वाचन पुन्हा ३४० लाच. ताज्या अर्कात ऑक्झामेट घालून आणि न घालता मोजलं की निदान ते एन्झाइम दबतं का, एवढं कळेल. एक मेख आहे: बऱ्याच किटांत आधीचं पायरुवेट संपवायला एलडीएच घातलेलं असतं, आणि ऑक्झामेट त्यालाही अडवणार. म्हणून मुख्य अभिक्रिया सुरू करण्याआधी सुरुवातीची घसरण पूर्ण सपाट होईपर्यंत थांबायचं, आणि अर्काशिवायची एक नळी सोबत चालवायची.

वहिनींकडे तारीख उलटायला आलेलं एक किट आहे, ते सोमवारी आणून देणार आहेत. अर्क त्याच सकाळी काढायचा, फ्लास्क आज लावून ठेवले.